स्वयंपाकघरातील धूर आणि गॅस : आरोग्याचे धोके कमी कसे करावेत

तुमच्या घरात रोज चूल पेटत असेल, किंवा नव्याने गॅस आला असेल आणि चूलही अजून चालू असेल, तर हे पान तुमच्यासाठी आहे. धुरामुळे शरीरावर काय परिणाम होतो, चूल असेपर्यंत धूर कमी कसा करायचा, प्रधानमंत्री उज्ज्वला योजनेतून गॅस कनेक्शन कसे मिळते, आणि गॅस आल्यावर तो सुरक्षित कसा वापरायचा, याची माहिती इथे दिली आहे. महाराष्ट्राबाहेर कामासाठी राहणाऱ्या मराठी कुटुंबांना लागू होणाऱ्या गोष्टी त्या त्या ठिकाणी सांगितल्या आहेत.

सरकारी कागदपत्रांत या विषयाला 'घरगुती वायुप्रदूषण' म्हणतात. घरात त्याला कोणी वायुप्रदूषण म्हणत नाही, धूर म्हणतात. म्हणून या पानावर धूर हाच शब्द वापरला आहे.

धुरात नेमके काय असते

लाकूड, गोवऱ्या, तुराट्या, पऱ्हाट्या किंवा पाचट पूर्ण जळत नाही, तेव्हा धूर होतो. या धुरात दोन गोष्टी सर्वांत घातक असतात. एक म्हणजे अतिशय बारीक कण. यांना पीएम 2.5 म्हणतात, म्हणजे अडीच मायक्रॉन किंवा त्याहून लहान कण. आपला केस साधारण 50 ते 70 मायक्रॉन जाड असतो, त्यावरून हे कण किती बारीक असतील याचा अंदाज करा. नाकातले केस आणि शेंबूड त्यांना अडवू शकत नाहीत. ते फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात आणि काही रक्तातही मिसळतात. भारतात बाहेरच्या हवेसाठी या कणांची मर्यादा 24 तासांच्या सरासरीने एका घनमीटरला 60 मायक्रोग्रॅम आहे. बंद स्वयंपाकघरात चूल पेटलेली असताना हे प्रमाण कित्येक शेकड्यांत जाते.

दुसरी गोष्ट म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. या वायूला रंग नाही, वास नाही. तो रक्तात ऑक्सिजनची जागा घेतो. चुलीपुढे बराच वेळ बसल्यावर डोके जड होते, मळमळते, त्यामागे पुष्कळदा हा वायू असतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातील धुरामुळे 2020 मध्ये जगभरात सुमारे 32 लाख मृत्यू झाले. त्यांत पाच वर्षांखालील 2 लाख 37 हजारांहून अधिक मुले होती.

कोणते आजार होतात आणि दवाखान्यात कधी जावे

डोळे चुरचुरणे आणि खोकला येणे ही रोजची बाब असल्याने बायका तिकडे लक्ष देत नाहीत. पण धुराचे मोठे परिणाम वीस-पंचवीस वर्षांनी दिसतात, आणि तोवर त्यांचा चुलीशी संबंध कोणाच्या लक्षात राहत नाही.

श्वासनलिका कायमची आकसण्याचा एक आजार आहे. डॉक्टर त्याला सीओपीडी म्हणतात. हा आजार विडी-सिगारेट ओढणाऱ्यांना होतो हे सर्वांना माहीत आहे. ज्यांनी आयुष्यात विडीला हात लावला नाही, पण तीस वर्षे चुलीपुढे भाकऱ्या केल्या, त्यांनाही तो होतो. चढ चढताना किंवा पाण्याचा हंडा आणताना दम लागतो, सकाळी उठल्यावर बेडके पडतात, थंडीत त्रास वाढतो. बाई म्हणते, 'वय झालं.' घरचेही तेच म्हणतात. वय पन्नासच्या आत असताना असा दम लागत असेल तर तो वयाचा दोष नाही. डॉक्टरांना सांगताना 'खोकला आहे' एवढेच सांगू नका. 'मी इतकी वर्षे चुलीवर स्वयंपाक करते' हे आवर्जून सांगा, कारण डॉक्टर बहुतेक वेळा विडीबद्दल विचारतात, चुलीबद्दल विचारतीलच असे नाही. नळीत जोराने फुंकर मारून श्वासाची ताकद मोजण्याची एक तपासणी असते, तिला स्पायरोमेट्री म्हणतात. ती जिल्हा रुग्णालयात आणि वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात होते.

खोकला दोन आठवड्यांपेक्षा जास्त राहिला तर आधी क्षयरोगाची तपासणी करून घ्या. सरकारी आरोग्य केंद्रात ती मोफत होते. धुराचाच खोकला असेल असे समजून थांबू नका. धुरात राहणाऱ्यांना क्षयरोग होतच नाही, असे नाही.

लहान मुलांना धुरामुळे न्यूमोनिया होण्याचा धोका वाढतो. मूल नेहमीपेक्षा जलद श्वास घेत असेल, श्वास घेताना छातीखालचा भाग आत ओढला जात असेल, दूध पीत नसेल किंवा सुस्त पडले असेल, तर सकाळची वाट पाहू नका. 108 वर रुग्णवाहिका बोलवा किंवा मिळेल त्या वाहनाने जवळच्या रुग्णालयात न्या.

गरोदरपणात रोज धूर घेतल्यास बाळाचे वजन कमी भरण्याची शक्यता वाढते. मोतीबिंदू, हृदयविकार, पक्षाघात आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचाही धुराशी संबंध आढळला आहे. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया सरकारी रुग्णालयात मोफत होते.

चूल आहे तोवर काय करता येईल

गॅस मिळाला की चूल विझली, असे क्वचितच होते. चहा, भाजी, पाहुण्यांचा स्वयंपाक गॅसवर, आणि भाकरी व अंघोळीचे पाणी चुलीवर, अशी वाटणी बहुतेक घरांत असते. त्यात पैशाचा हिशेब असतो, भाकरीच्या चवीचा आग्रह असतो आणि सरपण फुकट मिळते हेही असते. यात कोणाला दोष देण्यासारखे काही नाही. पण कोणते काम आधी गॅसवर न्यायचे, हे ठरवताना खर्चाबरोबर धुराचाही विचार करा.

घराच्या आत, दार लोटून, लहान मुलाला मांडीवर किंवा पाठीशी घेऊन जे काम होते ते आधी गॅसवर न्या. बहुतेक घरांत ते काम म्हणजे पहाटेचा स्वयंपाक. अंघोळीचे पाणी सर्वांत शेवटी नेले तरी चालेल, कारण ती चूल किंवा बंब अंगणात नेता येतो. पावसाळ्यात मात्र ही सोय राहत नाही. पडवीत किंवा गोठ्याच्या कडेला पत्र्याखाली, दोन बाजू उघड्या असलेली जागा पावसाच्या आधीच तयार करून ठेवा.

सरपण कोरडे असेल तर धूर अर्ध्याच्या खाली येतो, हे प्रत्येक घरातल्या बाईला अनुभवाने माहीत असते. अडचण असते ती साठवणुकीची. जाड ओंडके फोडून बारीक करा आणि पाऊस पडण्यापूर्वी किमान दोन महिने उन्हात राहतील असे रचा. चुलीच्या तोंडात एकदम खूप सरपण कोंबू नका. हवा आत गेली नाही तर ते जळत नाही, नुसते धुपते. विस्तव पेटवायला प्लास्टिकची पिशवी, टायरचा तुकडा किंवा रबर वापरू नका. त्याचा धूर लाकडाच्या धुरापेक्षा कितीतरी विषारी असतो, आणि तो थोडा वेळच असला तरी नेमका तोंडासमोर, फुंकणी हातात असताना येतो.

धूर वर जातो, म्हणून वाट वरच हवी. चुलीच्या वरच्या बाजूला झरोका ठेवा, दोन कौले काचेची किंवा उघडता येणारी बसवा, आणि समोरच्या भिंतीत खाली हवा आत येण्यासाठी फट ठेवा. फक्त खिडकी असून भागत नाही. खिडकी चुलीच्या पाठीमागे असेल तर वारा धूर तुमच्या तोंडावर आणतो.

निर्धूर चुलीबद्दल थोडे सांगायला हवे. 1980 च्या दशकात केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला आणि गावोगावी धुराड्याच्या चुली बसल्या. त्यांतल्या पुष्कळ काही वर्षांत बंद पडल्या. धुराडे काजळीने चोंदले, चुलीला भेगा पडल्या आणि दुरुस्त कोणी करायचे हे ठरलेले नव्हते. तुमच्या घरी अशी चूल असेल तर महिन्यातून एकदा धुराडे झाडून घ्या, भेगा दिसताच माती-शेणाने लिंपा, आणि धुराड्याचे तोंड छपराच्या वर किमान दोन फूट आहे ना ते पाहा. धुराडे धूर घराबाहेर नेते, पण धूर तयार होणे थांबवत नाही. म्हणून त्याचे तोंड शेजारच्या खिडकीसमोर येऊ देऊ नका.

घरी चार-पाच जनावरे असतील तर गोबरगॅसचा विचार करा. दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज साधारण 50 किलो ताजे शेण लागते आणि चार-पाच माणसांचा स्वयंपाक त्यावर होतो. अनुदानाची चौकशी पंचायत समितीच्या कृषी विभागात करा.

बंद खोलीत कोळशाची शेगडी कधीही ठेवू नका

हा मुद्दा वेगळ्या शीर्षकाखाली दिला आहे, कारण इथे चूक झाली तर दुसरी संधी मिळत नाही. थंडीच्या दिवसांत उत्तर भारतात बांधकामावर, वीटभट्टीवर किंवा कारखान्याच्या खोलीत राहणारे मजूर कोळशाची शेगडी पेटवून, दार-खिडकी लावून झोपतात. कोळशाचा धूर डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तो निरुपद्रवी वाटतो. पण त्यातून कार्बन मोनॉक्साइड बाहेर पडत राहतो आणि झोपलेल्या माणसाला जागच येत नाही. खोली उबदार करायची असेल तर झोपण्यापूर्वी शेगडी बाहेर नेऊन पूर्ण विझवा. न्हाणीघरात बसवलेल्या गॅस गिझरचाही हाच धोका आहे. तो आतमध्ये बसवू नये, आणि बसवलेला असेल तर झरोका बंद करू नये.

अशा खोलीत कोणी बेशुद्ध सापडले तर आधी दार-खिडक्या उघडा, त्याला मोकळ्या हवेत आणा आणि 108 ला फोन करा.

प्रधानमंत्री उज्ज्वला योजना

ही योजना 1 मे 2016 रोजी उत्तर प्रदेशातील बलिया येथे सुरू झाली. 8 कोटी कनेक्शनचा टप्पा सप्टेंबर 2019 मध्ये पूर्ण झाला आणि आठ कोटीवे कनेक्शन तेव्हाच्या औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, देण्यात आले. 10 ऑगस्ट 2021 रोजी योजनेचा दुसरा टप्पा, उज्ज्वला 2.0, सुरू झाला.

कनेक्शन घरातील 18 वर्षे पूर्ण झालेल्या महिलेच्या नावाने मिळते. कुटुंब गरीब असावे आणि त्याच घरात कोणत्याही कंपनीचे दुसरे गॅस कनेक्शन नसावे. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, अंत्योदय अन्न योजना, प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण), वनवासी, अतिमागास वर्ग, चहामळ्यातील आदिवासी आणि बेटांवर राहणारी कुटुंबे यांना याचा लाभ मिळतो. यांपैकी कशातही न बसणाऱ्या गरीब कुटुंबाला स्वघोषणापत्राच्या आधारे अर्ज करता येतो.

अर्जासोबत महिलेचे आधार कार्ड, रेशन कार्ड, घरातील इतर प्रौढांचे आधार क्रमांक, बँक पासबुक आणि पत्त्याचा पुरावा लागतो. अर्ज इंडेन, भारत गॅस किंवा एचपी गॅसच्या कोणत्याही जवळच्या वितरकाकडे देता येतो. योजनेच्या संकेतस्थळावरूनही तो भरता येतो.

कामासाठी दुसऱ्या राज्यात गेलेल्या कुटुंबांनी हे नीट वाचावे. उज्ज्वला 2.0 मध्ये स्थलांतरित कुटुंबाला रेशन कार्ड आणि पत्त्याच्या पुराव्याऐवजी स्वघोषणापत्र देता येते. स्वघोषणापत्र हा शब्द मोठा आहे, पण कागद लहान आहे. घरात कोण कोण राहते आणि पत्ता काय, हे तुम्ही स्वतः सहीनिशी लिहून देता. त्यावर सरपंच, नगरसेवक किंवा घरमालकाची शिफारस आणा असे कोणी सांगितले तर योजनेच्या मदत क्रमांकावर विचारून घ्या.

या कनेक्शनसाठी सिलिंडर आणि रेग्युलेटरची अनामत रक्कम, सुरक्षा नळी, ग्राहक पुस्तिका आणि जोडणीचा खर्च सरकार देते. पहिला भरलेला सिलिंडर आणि शेगडी मोफत मिळते. 14.2 किलोचा एक सिलिंडर किंवा 5 किलोचे सिलिंडर, यांपैकी तुम्हाला हवे ते निवडता येते. एकदम मोठी रक्कम भरणे जमत नसेल, किंवा खोलीत जागा कमी असेल, तर 5 किलोचा पर्याय चांगला. डोंगरपाड्यावर सिलिंडर डोक्यावरून न्यावा लागतो, तिथेही तोच सोयीचा. भरलेला मोठा सिलिंडर जवळजवळ 30 किलोचा असतो.

अनुदान कुठे जाते

उज्ज्वला ग्राहकाला सिलिंडरची पूर्ण किंमत आधी भरावी लागते आणि अनुदान नंतर बँक खात्यात येते. 2025-26 या वर्षासाठी 14.2 किलोच्या सिलिंडरमागे 300 रुपये अनुदान ठरले होते आणि ते वर्षात 9 सिलिंडरपर्यंत होते. 5 किलोच्या सिलिंडरला त्याच प्रमाणात कमी रक्कम मिळते.

अनुदान आले नाही, अशी तक्रार पुष्कळ जणी करतात, आणि अनेकदा ते आलेले असते, फक्त दुसऱ्या खात्यात. आधारवर आधारित रक्कम ज्या बँकेत आधार सर्वांत शेवटी जोडले त्या खात्यात जाते. तुम्ही गॅसच्या अर्जात एका बँकेचे पासबुक दिले आणि नंतर दुसऱ्या एखाद्या योजनेसाठी दुसऱ्या बँकेत आधार जोडले, तर पैसे त्या दुसऱ्या बँकेत जमा होतात. बँकेत जाऊन 'माझे आधार सध्या कोणत्या खात्याशी जोडलेले आहे' असे विचारा. आधारवर माहेरचे नाव आणि बँकेत सासरचे नाव असेल तरीही अडचण येते. ते आधी एकसारखे करून घ्या. वितरक ई-केवायसी करायला सांगत असेल तर टाळाटाळ करू नका. बोटाचे ठसे उमटत नसतील तर कंपनीच्या मोबाइल ॲपवरून चेहऱ्याने ते करता येते, आणि त्यासाठी पैसे लागत नाहीत. शेतात किंवा बांधकामावर काम करणाऱ्या बायकांचे ठसे उमटत नाहीत ही नेहमीची गोष्ट आहे, त्यात तुमची चूक नाही.

महाराष्ट्रात कनेक्शन असलेल्या उज्ज्वला लाभार्थी महिलांसाठी 2024 पासून मुख्यमंत्री अन्नपूर्णा योजना आहे. तिच्यात वर्षाला 3 सिलिंडरचा खर्च सरकारकडून भरून मिळतो. ही राज्याची योजना आहे. तुमचे कनेक्शन दुसऱ्या राज्यात असेल तर तिथल्या राज्य सरकारची काही सवलत आहे का, ते वितरकाकडे विचारा.

गॅस पुरवून वापरण्यासाठी डाळ-तांदूळ भिजवून शिजवा, झाकण ठेवा, कुकर वापरा आणि पहिली शिट्टी झाल्यावर आच कमी करा. ज्योत निळी असावी. पिवळी ज्योत आणि भांड्याच्या बुडाला काजळी याचा अर्थ बर्नरची छिद्रे बुजली आहेत. असा बर्नर गॅस जास्त खातो आणि धूरही करतो.

गॅसचा सुरक्षित वापर

स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो वर जात नाही, जमिनीलगत पसरतो आणि कोपऱ्यात साचून राहतो. पुढच्या बहुतेक सूचना या एकाच गोष्टीवरून आल्या आहेत.

सिलिंडर नेहमी उभा ठेवा, आडवा कधीही नाही. शेगडी सिलिंडरपेक्षा उंचीवर, ओट्यावर किंवा भक्कम टेबलावर ठेवा. जमिनीवर बसून स्वयंपाक करण्याची सवय असलेल्या घरांत शेगडी सिलिंडरशेजारी खालीच मांडतात. ही सवय बदलणे अवघड असते, पण गळती झाली तर गॅस नेमका त्याच जागी साचतो. ओटा नसेल तर विटांचा कट्टा करा. सिलिंडर बंद कपाटात किंवा खोलगट जागेत ठेवू नका. त्याच खोलीत त्याच वेळी चूल, स्टोव्ह किंवा देवापुढचा दिवा जमिनीवर पेटता ठेवू नका.

सिलिंडर घेताना घाई करू नका. गाडीवाल्याला वजन करून दाखवायला सांगा. रिकाम्या सिलिंडरचे वजन त्याच्या कड्यावर लिहिलेले असते, त्यात 14.2 किलो मिळवले की भरलेल्याचे वजन येते. वरच्या कड्याच्या आतल्या पट्टीवर एक अक्षर आणि वर्षाचे दोन आकडे असतात. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, सी म्हणजे जुलै ते सप्टेंबर आणि डी म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर. 'सी-27' लिहिले असेल तर तो सिलिंडर सप्टेंबर 2027 पर्यंत चाचणीविना वापरता येतो. ती मुदत उलटलेला सिलिंडर घेऊ नका. सील उघडल्यावर तोंडावर साबणाचे पाणी टाकून पाहा, बुडबुडे आले तर गळती आहे. काडी पेटवून गळती तपासणारे लोक अजूनही आहेत. कोणालाही तसे करू देऊ नका.

नारिंगी रंगाची, आयएसआय चिन्ह असलेली सुरक्षा नळीच वापरा आणि ती पाच वर्षांनी बदला. नळीवर वर्ष छापलेले असते. उंदराने कुरतडली किंवा शेगडीच्या उष्णतेने कडक झाली तर पाच वर्षे थांबू नका. नळी झाकण्यासाठी तिच्यावर कापड किंवा प्लास्टिक गुंडाळू नका, गळती दिसत नाही. काम संपले की फक्त शेगडीची कळ बंद करून थांबू नका, रेग्युलेटरही बंद करा. सिलिंडरला दोरीने बांधलेली प्लास्टिकची टोपी फेकून देऊ नका. गळती थांबवायला तीच लागते.

गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात कुजक्या वासाचे रसायन मिसळतात. तो वास आला तर दिव्याचे किंवा पंख्याचे बटण चालू करू नका आणि चालू असलेले बंदही करू नका. दोन्ही वेळा ठिणगी पडते. फ्रिज उघडू नका. पेटता दिवा, उदबत्ती विझवा, रेग्युलेटर बंद करा, दार-खिडक्या उघडा, मुलांना आणि म्हाताऱ्या माणसांना बाहेर काढा. जमत असेल तर रेग्युलेटर काढून टोपी बसवा. बाहेर आल्यावर 1906 या क्रमांकावर फोन करा. हा क्रमांक गॅस गळतीसाठी देशभर चालतो. आग लागली असेल आणि रेग्युलेटरपर्यंत हात पोचत नसेल तर विझवत बसू नका, बाहेर पडा आणि 101 किंवा 112 ला कळवा.

मोठ्या सिलिंडरमधून लहान सिलिंडर भरून घेऊ नका

शहरांतल्या मजूरवस्त्यांत, उसाच्या फडाजवळ, बांधकामाच्या जागी लहान सिलिंडर किलोच्या भावाने भरून देणारी दुकाने असतात. मोठ्या सिलिंडरमधून नळीने गॅस ओढून लहान टाकीत भरतात. किती भरला याला माप नसते, लहान टाकीची चाचणी झालेली नसते, आणि भरताना गळलेला गॅस दुकानात साचतो. हे बेकायदेशीर आहे, आणि अशा टाकीमुळे अपघात झाला तर विमाही मिळत नाही.

कनेक्शन नसेल तरीही याला सरळ पर्याय आहे. तिन्ही कंपन्या 5 किलोचा सिलिंडर खुल्या विक्रीत देतात. इंडेनचा 'छोटू' या नावाने ओळखला जातो. त्यासाठी पत्त्याचा पुरावा लागत नाही, ओळखपत्र पुरते. वितरकाकडे आणि काही पेट्रोल पंपांवर तो मिळतो. त्यावर अनुदान नाही आणि किलोमागे तो महाग पडतो, हे खरे आहे. हंगामापुरते बाहेर राहणाऱ्यांना तरीही तो घेणे योग्य. गाव सोडून कायमचे दुसरीकडे राहायला गेलात तर गावाकडचे कनेक्शन नव्या पत्त्यावर बदलून घ्या, नवे काढू नका. एका घरात दोन कनेक्शन निघाली की अनुदान अडकते.

भाजणे, रॉकेल आणि लहान मुले

भाजल्यास तो भाग नळाच्या किंवा तांब्याने ओतलेल्या साध्या थंड पाण्याखाली वीस मिनिटे धरा. वीस मिनिटे हा मोठा वेळ वाटतो, तरी तेवढाच धरा. बर्फ, टूथपेस्ट, हळद, शाई, तूप लावू नका. सूज येण्यापूर्वी बांगड्या आणि अंगठ्या काढा. चिकटलेले कापड ओढू नका. चेहरा, हात, सांधे किंवा मोठा भाग भाजला असेल, किंवा मूल भाजले असेल, तर लगेच रुग्णालयात न्या. पदर किंवा ओढणी पेटली तर पळू नका, जमिनीवर लोळा किंवा जाड सुती चादर गुंडाळून घ्या.

रॉकेल पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या बाटलीत ठेवू नका. मूल ते पिऊन टाकते. प्यायलेच तर मीठ-पाणी देऊन ओकारी काढू नका. ओकताना रॉकेल फुप्फुसात जाते आणि खरा धोका त्यामुळेच होतो. बाटली सोबत घेऊन रुग्णालयात जा.

अपघात विमा आणि तक्रार

गॅस कंपन्यांनी सर्व नोंदणीकृत घरगुती ग्राहकांसाठी विमा काढलेला असतो. त्यासाठी तुम्हाला हप्ता भरावा लागत नाही. गॅसमुळे झालेल्या अपघातात मृत्यू झाल्यास प्रत्येक व्यक्तीमागे 6 लाख रुपये, उपचारासाठी प्रत्येक व्यक्तीला 2 लाख रुपयांपर्यंत (एका अपघातात सर्वांचे मिळून 30 लाखांपर्यंत), आणि नोंदणीकृत पत्त्यावरील घराच्या नुकसानीसाठी 2 लाख रुपयांपर्यंत भरपाईची तरतूद आहे. अपघात झाला की वितरकाला लगेच लेखी कळवा आणि त्या अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. पोलिसांकडे नोंद करा, दवाखान्याची बिले आणि चिठ्ठ्या जपून ठेवा. दावा कंपनीमार्फत विमा कंपनीकडे जातो. 'नोंदणीकृत पत्ता' या शब्दांकडे लक्ष द्या. घर बदलले आणि पत्ता बदलला नाही, तर घराच्या नुकसानीची भरपाई मिळायला अडचण येते.

पावतीवर छापलेल्या रकमेपेक्षा जास्त पैसे देऊ नका. कनेक्शन देताना वितरक इतर कोणतीही वस्तू सक्तीने विकू शकत नाही. उज्ज्वला योजनेची चौकशी किंवा तक्रार 1800-266-6696 या मोफत क्रमांकावर करता येते आणि गॅससंबंधी इतर तक्रारी 1800-233-3555 वर. फोन करताना ग्राहक पुस्तिका हाताशी ठेवा, तिच्यावरचा ग्राहक क्रमांक विचारतात. तक्रार नोंदवल्यावर मिळणारा क्रमांक त्याच पुस्तिकेच्या मागच्या पानावर तारखेसह लिहून ठेवा.